ताईचा एकुलता प्रयोग

अंबरनाथच्या कारखान्यात बाबा कारकून होते. आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहायचो. एका रविवारी दुपारी कारखान्याच्या हॉलमध्ये जुना इंग्रजी बोलपट दाखवला. एका नाटक कंपनीची गोष्ट होती. तालमी, नाच, मॅनेजरची आरडाओरड. ऐन प्रयोगाच्या तोंडावर मुख्य नटीचा पाय मुरगळतो आणि मागच्या रांगेतली एक मुलगी तिच्या जागी उभी राहते. आम्हा दोघी बहिणींना इंग्रजी कळत नव्हतं. बाबा हळू आवाजात सांगत होते. त्या मुलीनं बाजी मारली तेव्हा सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या बाबांनी.

त्याच वर्षी गणपतीत कामगारांनी त्याच हॉलमध्ये नाटक बसवलं. ताईचं अक्षर सुरेख, म्हणून प्रत्येकाची भाषणं उतरवून द्यायचं काम तिच्याकडे आलं. लिहिता लिहिता तिला सगळं नाटक पाठ झालं. नायिकेच्या कामासाठी मुंबईहून नटी यायची होती. प्रयोगाच्या दिवशीच निरोप आला, ती तापानं फणफणलीय.

नाटक बसवणारे गृहस्थ धावतपळत घरी आले. "काका, एवढी एक वेळ निभावून न्या. हिला सगळं पाठ आहे."

आई म्हणाली, "बदलापूरला हिची बोलणी चालली आहेत. ती माणसं काय म्हणतील?"

बाबांनी ताईकडे पाहिलं. "करशील?"

"करीन," ताई म्हणाली.

नटीसाठी शिवलेलं पोलकं तिला ढगळ झालं. आमचे कपडे शिवणाऱ्या, निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी मावशींनी ते तिच्या अंगावरच टाके घालून बसवलं. ताईनं काम इतकं छान केलं, की ती आपलीच बहीण आहे हे मी मधूनमधून विसरत होते. पडदा पडल्यावर बाबांचे डोळे भरून आले होते.

आठवड्यात बदलापूरहून चिठ्ठी आली. स्टेजवर नाचणारी मुलगी आमच्या घरात नको. ताई नाचली नव्हतीच. बाबा दोनदा जाऊन आले. दुसऱ्या खेपेला त्यांना ओटीवरच उभं ठेवलं. त्यानंतर बाबांनी हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही. ताईला ते कधी बोलले नाहीत, पण तिच्याशी नजरही मिळवेनात. ती वाढायला आली की पानात बघून जेवायचे.

तीन वर्षांनी वांगणीकडच्या एका बिजवराशी तिचं लग्न झालं. माणूस वाईट नव्हता. नाटकाचा विषय मात्र त्या घरात काढायचा नव्हता.

पहिल्या दिवाळीला मी तिच्याकडे गेले. विहिरीवर दोघीच होतो. मी विचारलं, "ताई, नसतं केलं काम तर बरं झालं असतं का गं?"

तिनं दोरी ओढून कळशी वर घेतली. मग म्हणाली, "तिसऱ्या अंकात माझं एक वाक्य राहिलं. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मला रोज आठवतं."

"कुठलं वाक्य?"

तिनं कळशी उचलून कमरेवर घेतली आणि घराकडे चालू लागली.