आटपाडीच्या माळावर थांबवलेले भूमिपूजन

वैशाली ही माझी वाईच्या शाळेतली संस्कृतची विद्यार्थिनी. आता ती आटपाडी तालुक्यातल्या एका गावी ग्रामसेविका आहे. कोजागरीनंतर तिचा फोन आला : "बाई, दगडखाणीची कंपनी आमच्या देवळापुढे सभामंडप बांधून देते आहे. भूमिपूजन तुम्ही सांगाल का?" निवृत्तीनंतर मी पौरोहित्य करते. शहात्तराव्या वर्षी एवढा प्रवास झेपेल का, असे मुलाने विचारले. त्याचे बोलणे संपेपर्यंत माझी पिशवी भरून झाली होती.

वाईहून सातारा, तिथून कऱ्हाड, मग विटा आणि आटपाडी असा एसटीचा मार्ग आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट लागत नाही, ओळखपत्र मात्र हाताशी ठेवावे. विट्यापुढे गाड्या विरळ होतात, म्हणून सकाळची पहिली गाडी सोडू नये. कऱ्हाडपर्यंत उसाची हिरवी भिंत सोबत करते. विटा मागे पडले की झाडे बुटकी होत जातात आणि आभाळ फार मोठे वाटू लागते. वैशालीकडे रात्री बाजरीची भाकरी आणि हुलग्याच्या पिठाचे पातळ, गरम माडगे होते. पाहुण्यांनी ते आवर्जून मागून घ्यावे.

सकाळी पूजास्थानी जाताना खाणीच्या फाटकाशी सिमेंटचा एक लांबलचक हौद दिसला. आत पाण्याचा थेंब नव्हता, तळाला गेलेल्या तड्यांत बाभळीच्या शेंगा पडल्या होत्या. वैशाली म्हणाली, "जनावरांसाठी कंपनीने आपल्या मनानेच बांधला. पंचायतीच्या आराखड्यात नळजोडणी नव्हती, त्यामुळे पाणी आलेच नाही."

चौरंग मांडला. सरपंच यजमान होते, कंपनीचे व्यवस्थापक शेजारी बसले. कुणीतरी कुजबुजले, "बाईमाणूस पूजा सांगनार व्हय?" दुसरा म्हणाला, "गप रं, वाईच्या हायत त्या."

सरपंचांच्या तळहातावर पळीभर पाणी देऊन मी संकल्पाला सुरुवात केली. देश-कालाचा उच्चार झाला आणि 'समस्त ग्रामस्थांच्या वतीने' असे मी म्हणाले, तोच मागून खणखणीत आवाज आला.

"आवं बाई, समस्त म्हंजे कोन? आमी गावात न्हाई व्हय?"

खांद्यावर घोंगडे घेतलेली ती हौसाबाई. तिच्या वस्तीवरची सगळी घरे मेंढपाळांची.

"खान झाली तवा आमची डोहाकडची वाट गेली. जनावरांच्या पान्याची सोय करून देतो, असं ह्या सायबांनी लिवून दिलंया. मंडपात काय मेंढरं बसवू?"

हशा पिकला. व्यवस्थापक मात्र शांतपणे म्हणाले, "मावशी, लिहून दिले आहे, नाकारत नाही. पण एकदा मनाने हौद बांधून आम्ही चुकलो. आता आराखड्यात असेल तेच करतो. त्यात सभामंडप आहे."

"मग आराखड्यात पाणी का नाही?" मी विचारले.

वैशालीने मान खाली घातली. "बाई, आराखड्याची ग्रामसभा मार्गशीर्षात होते. तेव्हा हे सगळे मेंढ्या घेऊन पश्चिमेकडे गेलेले असतात. दरवर्षीच."

गावाने कुणाला मुद्दाम वगळले नव्हते. ज्यांची घरे सहा महिने पाठीवर असतात, त्यांची वाट पाहायची असते, हे कुणाच्या ध्यानीच आले नव्हते. शास्त्रांनी यज्ञाला इष्ट म्हटले, विहिरी-तळ्यांना पूर्त म्हटले आणि दोन्ही 'इष्टापूर्त' या एका शब्दात जोडून ठेवले. एक मोडून दुसरे मी कसे सांगावे? मी सरपंचांचा हात ताम्हनावर कलता केला. संकल्प पुरा न होताच पाणी ओघळून गेले.

"बाई, मुहूर्त टळंल की!" सरपंच कळवळले.

"मुहूर्त मी काढला होता. पुढचाही मीच काढीन. आधी ग्रामसभा घ्या. कंपनीने हौद दुरुस्त करावा, पंचायतीने नळ आणावा आणि दोन्ही एकाच ठरावात लिहावे."

विशेष सभेच्या नोटिशीला काही दिवस लागणार होते आणि हौसाबाईची मेंढरे परवा हलायची होती. माळावरचे गवत संपले होते. तिने कळपाकडे वळून पाहिले.

"ऱ्हातो," ती म्हणाली. "पाला तोडून घालू. पर सभा झाल्याबिगर पाय उचलत न्हाई."

परतताना तासगाव, इस्लामपूर असा वळसा घेतला. द्राक्षांच्या छाटणीनंतर उघड्या पडलेल्या वेली आणि बेदाण्याच्या रिकाम्या शेड पाहायच्या असतील, तर हेच दिवस निवडावेत. तासगावच्या स्थानकावरचा चहा मात्र अतिगोड. माझे लक्ष त्या दिवशी कशातच नव्हते. भुकेले कळप कुणाच्या शब्दावर थांबले होते, हे मला ठाऊक होते.

आठवड्याने वाईला वैशालीचा फोन आला. मेंढपाळांची वस्ती झाडून सारी सभेला आली. ठराव झाला, त्यावर व्यवस्थापकांनीही सही केली. मग हौसाबाईने फोन घेतला. मागे कळपाची घाई ऐकू येत होती.

"बाई, आमी निगालो. आमच्या माघारी आराखडा लिवताना ह्यांनी पानी खोडलं तर वो?"

देवघरातली वात सारखी करून मी पंचांग उघडले. मार्गशीर्षातल्या सभेची तारीख वैशालीकडून घेतली आणि त्या दिवसाच्या सत्यनारायणाच्या दोन पूजा दुसऱ्यांना सोपवल्या. त्या सभेत मला मत नाही. पण आराखड्याचे वाचन होईल तेव्हा मी पहिल्या रांगेत बसलेली असेन आणि हौदाचे व नळाचे कलम कानांनी ऐकल्यावाचून उठणार नाही.