पाहुण्याचं कडू तोंड

मास्तरने जन्मात खडू हातात धरला नव्हता. आमच्या रसायनांच्या कारखान्यात नव्या माणसांना मास्क कसा लावायचा ते तो शिकवायचा आणि नीट बसलाय की नाही ते तपासायचा, म्हणून मास्तर. त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ त्याच्याच घरी राहायचा. त्याला मास्तर सगळ्यांसमोर ‘आमचे पाहुणे’ म्हणायचा. हळूहळू सगळेच त्याला पाहुणा म्हणू लागले आणि त्याचं खरं नाव मागे पडलं. मी सूटखोलीत आहे. गळतीच्या जागी घालून गेलेले सूट धुते, वाळवते, फुगवते आणि साबणाचं पाणी लावून कुठे बुडबुडा येतोय का ते बघते. मी तोंडाळ आहे असं लोक म्हणतात, त्यात खोटं काही नाही.

पाहुणा मूळचा रंगारी. उंच भिंती रंगवायचा. एकदा परांची सुटली आणि तो तोंडावर आपटला. जबडा सांधला, पण डाव्या गालाच्या हाडाखाली खळगा राहिला आणि डोक्याला मार बसल्यामुळे वास आणि चव दोन्ही गेल्या. येतील परत, असं डॉक्टर म्हणाले होते. आल्या नाहीत. शिडीवर चढलं की चक्कर यायची, म्हणून रंगाचं कामही गेलं. चार दिवस म्हणून बहिणीकडे आला आणि तिथेच अडकला.

दोन खोल्यांचं घर. पाहुणा स्वयंपाकघरात झोपायचा, तोही सगळ्यांची जेवणं होऊन भांडी घासून झाल्यावर. सकाळी कुणी उठायच्या आत त्याची वळकटी गुंडाळलेली असायची. पाणी भरायचा, भाजी चिरायचा, मास्तरच्या शर्टांना इस्त्री करायचा. आपण घरात आहोत हे कुणाला कळू नये, असं त्याचं वागणं. मास्तर मात्र रोज जेवताना म्हण ऐकवायचा, “पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. काय पाहुणे, बरोबर ना?” पाहुणा मान खाली घालून हसायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आता कडू पाण्याचं सांगते. मास्क तपासायला आमच्याकडे एक औषधी पाणी असतं, इतकं कडू की एक थेंब जिभेवर पडला तर दिवसभर अन्न गोड लागत नाही. माणसाच्या डोक्यावर प्लास्टिकचा टोप चढवायचा आणि छोट्या फवाऱ्याने ते पाणी आत मारायचं. आधी मास्कशिवाय मारतात. त्याला कडू लागलं, म्हणजे त्याची जीभ शाबूत आहे. मग मास्क लावून मारतात. आता कडू लागलं नाही, म्हणजे मास्क घट्ट बसलाय. साधा हिशेब आहे. ज्याला पहिल्यांदाच कडू लागत नाही, त्याची परीक्षा घेण्यात अर्थच नाही. अशा माणसासाठी हवा सोडणारा मोठा टोप असतो, तो चेहऱ्याला चिकटावा लागत नाही. पण ते टोप थोडे. तो मिळेपर्यंत थांबावं लागतं.

मास्तर त्या पाण्याची बाटली घरी न्यायचा आणि पाहुण्याच्या चहात टाकायचा. पाहुणा पूर्ण कप प्यायचा आणि म्हणायचा, “छान झालाय, ताई.” मास्तरची पोरं हसून लोळायची. मास्तर हे सगळं आम्हाला जेवणाच्या सुट्टीत नकलेसकट सांगायचा. पाहुणा कसा फुर्रकन घोट घेतो, कसा ओठ पुसतो. ताईच्या लक्षात आलं तर ती कप बदलायची, पण तिचं लक्ष किती ठिकाणी पुरणार.

पाहुण्याला कळत नव्हतं असं नाही. मास्तरचा डबा द्यायला तो फाटकापाशी यायचा, तेव्हा एकदा मी सरळ विचारलं.

“पोरं हसतात तेव्हा कळतं,” तो म्हणाला. “तोवर अर्धा कप झालेला असतो. मग उरलेला पिऊन टाकतो. पोरांची मजा का घालवा?”

मला त्याचा राग आला. इतकं गरीब असू नये माणसाने.

टाकी विभागात भरती निघाली, तेव्हा पाहुण्याने अर्ज केला. सूट घालून आत जायचं, गळणारे सांधे आवळायचे, झडपा बदलायच्या. चक्कर यायची ती उंचीवर, हे काम जमिनीवरचं होतं. काम वाईट, पण त्या कामावरच्या माणसाला वसाहतीत राहायला खोली मिळायची. पाहुण्याला तेवढंच हवं होतं. मला म्हणाला, “बाई, दार लावून झोपायचंय मला. आतून कडी घालून. बाकी काही नको.”

पुढचं मला ताईनेच नंतर सांगितलं. कडू पाण्याच्या चाचणीत आपण नापास होणार, या काळजीने पाहुणा जेवेना. ताईला वाटलं ही निव्वळ एक अडवणूक आहे, सरकारी कागदासारखी. जिभेचा आणि सांधे आवळण्याचा काय संबंध? तिने मास्तरची बाटली काढली, पाहुण्याला समोर बसवलं आणि एक थेंब स्वतःच्या जिभेवर टाकला. “बघ माझ्याकडे. आधी डोळे बारीक होतात. मग नाक वर जातं. मग ओठ असे खाली.” पाहुणा तिच्याकडे बघून तोंड करायचा. चुकलं की ती पुन्हा थेंब घ्यायची. संध्याकाळपर्यंत बहीणभाऊ एकमेकांसमोर तोंडं वाकडी करत बसले होते. मास्तर दारात उभा राहून बघत होता. ही चाचणी कशासाठी असते हे त्या घरात एकट्या त्याला माहीत होतं. तो नुसता हसला आणि म्हणाला, “ओठ जरा जास्त खाली घ्या, पाहुणे.”

चाचणीच्या दिवशी मी काचेच्या पलीकडे एका फुगवलेल्या सूटला साबण लावत होते. मास्तरने पाहुण्याच्या डोक्यावर टोप चढवला, फवाऱ्याची नळी भोकात घातली आणि दाबायला अंगठा वर उचलला. त्याबरोबर पाहुण्याने डोळे बारीक केले, नाक वर घेतलं, ओठ खाली पाडले. अगदी हुबेहूब.

“थांबा की, पाहुणे,” मास्तर म्हणाला. “अजून मारलंच नाही.”

रांगेतली माणसं हसली. मास्तरने मग फवारा मारला आणि पाहुण्याने तेच तोंड पुन्हा केलं. मास्तर म्हणाला, “शाबास. कडू लागतंय.” नंतर मास्क चढवला, पट्टे ओढले. पाहुण्याने मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, मोठ्याने आकडे म्हटले. मास्तर फवारे मारत होता आणि विचारत होता, “कडू?” पाहुणा मान हलवत होता. नाही. त्या डाव्या गालावरच्या खळग्यात मास्कचं रबर टेकलेलंच नव्हतं. मला काचेतून दिसत होतं.

मी साबणाचे हात घेऊन आत गेले. म्हटलं, “मास्तर, याला चव नाही. तुम्हीच सांगता ना रोज? आणि गालाजवळ बघा, बोट जाईल एवढी फट आहे.”

“बाई,” मास्तर म्हणाला, “तुमचं काम भोकं शोधायचं. सूटची. माणसांची नाही.”

पुन्हा हशा. मी तशीच साहेबांकडे गेले. साहेबांनी मास्तरला बोलावून विचारलं. मास्तर म्हणाला, “माझ्या सख्ख्या मेहुण्याला मी मरायला पाठवीन का, साहेब?” साहेबांनी मान डोलावून त्याला कामावर परत पाठवलं. खोलीबाहेर पाहुणा उभा होता. त्याने माझ्यापुढे हात जोडले. “बाई, पोटावर पाय देऊ नका.”

काम त्याने चांगलं केलं. घाई नाही, कुरकुर नाही. सूट घालताना माझ्यासमोर मुकाट उभा राहायचा. मी पाठीवरची चेन लावायची, हातमोज्यांवर चिकटपट्टी गुंडाळायची. मास्कचा डावा पट्टा मी दर वेळी जरा जास्तच ओढायचे. पट्टा ओढून गालाचा खळगा भरत नाही.

त्याला खोली मिळाली त्याच दिवशी सांधा फुटला. सकाळी किल्ली हातात पडली होती. सूटमध्ये शिरण्याआधी त्याने ती माझ्याकडे सांभाळायला दिली. जोडीला एक फिटर होता. दोघं आत गेले, सांधा आवळला, बाहेर आले. मी दोघांना फवाऱ्याखाली धुतलं, चेन उघडली, मग पाहुण्याचा मास्क काढला.

मास्कच्या आतून वाळक्या गवताचा वास आला.

आमच्याकडे हा वास सगळ्यांना माहीत आहे. टाकीतल्या विषारी वायूचा वास तो. तो वायू लगेच काही करत नाही. जरासा खोकला, बस. माणूस घरी जातो, जेवतो, आणि मग काही तासांनी छातीत पाणी भरायला लागतं. म्हणून नियम असा आहे की ज्याला मास्कमध्ये हा वास आला, त्याला बरं वाटत असो वा नसो, दवाखान्यात निजवून ठेवायचं. आमच्या दारातच मलमपट्टीवाला बसतो. त्याचं कामच हे विचारायचं. मी ओरडून त्याला बोलावलं. मास्तरही आला.

मलमपट्टीवाल्याने आधी फिटरला विचारलं, मग पाहुण्याला. “मास्कमध्ये वास आला?”

“नाही,” पाहुणा म्हणाला. खरं तेच बोलला तो.

“अरे, त्याला वास येतच नाही,” मी म्हटलं. “कसलाच येत नाही. मास्तरला विचारा.”

मलमपट्टीवाल्याने मास्तरकडे बघितलं. मास्तर आपल्या बुटांकडे बघत होता. एक शब्द. त्या बाबाने एक शब्द उच्चारला असता तरी पुरे होतं. पण त्या शब्दाबरोबर चाचणीही बाहेर आली असती.

“काय रे, येतो का नाही वास?” मलमपट्टीवाल्याने पाहुण्याला विचारलं. “आता कसला येतोय?”

पाहुण्याने इकडे तिकडे बघितलं. वास येत नाही म्हटलं तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर खोली जाणार. त्याची नजर माझ्या हातांवर आली. हातांवर फेस होता.

“साबणाचा,” तो म्हणाला.

मलमपट्टीवाला हसला आणि गेला. “बाई, तुमच्या नाकातच गवत उगवलंय,” मास्तर मला म्हणाला. मग मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली. “चला पाहुणे, आजच सामान हलवू.” मी पाहुण्याचा दंड धरला. त्याने हळूच सोडवून घेतला आणि दुसरा हात किल्लीसाठी पुढे केला. मी दिली नाही, तेव्हा मास्तरने माझ्या खिशातून काढून त्याला दिली.

त्या संध्याकाळी पाहुणा ताईकडे पोटभर जेवला. जेवताना खोकत होता. वळकटी आणि एक पिशवी घेऊन नव्या खोलीत गेला. मास्तर त्याला दारापर्यंत पोचवून आला.

सकाळी ताई चहा घेऊन गेली. दार आतून बंद होतं. तिने हाका मारल्या, शेजारी जमले, शेवटी दार फोडावं लागलं. तो दाराशीच पडला होता. तोंडाला फेस आला होता, हात कडीपर्यंत पोचला नव्हता.

मास्तर सगळ्यांत मोठ्याने रडला. कारखान्याने चौकशी केली. मी जे पाहिलं ते सगळं तिथे बोलले. पण चाचणीत पाहुणा पास झाला होता, मरायच्या आदल्या दिवशी स्वतःच्या तोंडाने सांगत होता की वास येतो. माणसांचे आपापसात वाद असतात, असं साहेब म्हणाले. मास्तर अजून मास्क तपासतोच आहे.

पाहुण्याच्या कारखान्यातल्या कपाटातले कपडे द्यायला मी ताईकडे गेले. मास्तर बाहेर होता. मी तिला सगळं सांगितलं. फवारा मारायच्या आधीच त्याने केलेलं तोंड, गालाजवळची फट, साबण. तिने शेवटी एवढंच विचारलं, “कडू लागायला हवं, ते कशासाठी असतं?” मी सांगितलं. तेव्हा तिने मला ती संध्याकाळ सांगितली, थेंब, डोळे, नाक, ओठ. सांगताना तिचं तोंड आपोआप तसं होत होतं.

मग बरेच दिवस जाणं झालं नाही. एका सुट्टीच्या दिवशी गेले, तर मास्तर घरी होता. पोरं भिंतीला टेकून बसली होती. ताईने आमच्यासमोर तीन कप मांडले, चहा ओतला आणि फडताळातून ती छोटी बाटली काढली. मास्तरच्या कपात थेंब टाकले. मग स्वतःच्या कपात टाकले. लपवलं नाही, घाईही केली नाही. आमटीत मीठ टाकावं तसं टाकलं.

मास्तरने कप उचलला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने एक घोट घेतला, दुसरा घेतला. डोळे बारीक झाले नाहीत, नाक हललं नाही. घशाची घाटी तेवढी वरखाली होत होती. ताई त्याच्याकडे बघत आपला कप पीत होती आणि तिचंही तोंड हललं नाही. पोरं बघत होती. सगळा कप संपेपर्यंत ताईने त्याच्यावरची नजर काढली नाही.

“कसा झालाय?” तिने विचारलं.

“छान झालाय,” मास्तर म्हणाला.

“रोज असाच पितात हो,” ताई मला म्हणाली. “तुम्ही घ्या ना. तुमच्यात नाही टाकलं.”