अर्ध्यावर थांबणारी गोष्ट

सौदीतल्या जुबैलच्या त्या जुन्या सायकलच्या दुकानात इब्राहीम परकारचे केस काळ्याचे पांढरे झाले. दाभोळहून आला तेव्हा त्याला पंक्चरसुद्धा धड काढता येत नव्हतं. आता सगळं दुकान त्याच्याच जिवावर चालायचं. चालायचं म्हणजे हल्ली रडतखडत. पलीकडच्या गल्लीत बॅटरीच्या सायकलींवर झुंबड, आणि इथे हा माशा मारत बसलेला.

पण कफीलला, ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाला, सांगणार कोण? म्हातारा अबू सालेह नुसता जमदग्नी. मागे एका सेल्समननं ‘माल बदला’ म्हटलं, तर आठवड्यात त्याला परतीच्या विमानात बसवलं.

रोज असरच्या नमाजानंतर म्हातारा यायचा, इब्राहीम त्याला काहवा, बिनदुधाची अरबी कॉफी, ओतायचा, आणि मग तीच गोष्ट. म्हाताऱ्याच्या लहानपणी दहरानला अमेरिकी इंजिनिअरांची पोरं चालवायची ती श्विन सायकल. शिकागोची कंपनी, एका जर्मनानं काढलेली. दणकट पोलादी सांगाडा, अमेरिकेतल्या घराघरांत तिचं नाव! इथवर आला की म्हातारा पेला ठेवून उठायचा. पुढे कधी गेलाच नाही.

पुढचं इब्राहीमला त्याच्या लेकीनं, अदिबानं, फोनवर वाचून दाखवलं होतं.

“आज बोलाच,” सकाळी बायकोनं, मैमुनानं, गावाहून फोनवर बजावलं होतं. “दुकान बसलं तर तुमचा इकामा कोण काढणार? परवान्याशिवाय राहाल कसे तिथे? अदिबाचं शिक्षण व्हायचंय अजून.”

आजही गोष्ट तिथवर आली आणि म्हाताऱ्यानं पेला ठेवला. तो उठायच्या आत इब्राहीम पुढे सरकला.

“पुढे ती कंपनी बुडाली, शेख,” तो बोलून गेला. “डोंगरात फिरायच्या सायकली आल्या, लोक तिकडे वळले. कंपनी जुन्या नावावर विसंबून राहिली. शेवटी नावसुद्धा विकलं गेलं. आपणही आता बॅटरीच्या...”

अबू सालेह टक लावून बघत राहिला. आता हा भडकणार, इब्राहीमला वाटलं. झक मारली आणि बोललो.

“मला माहीत नाही होय?” म्हातारा हळूच म्हणाला. “नवा धंदा मांडायचं वय नाही माझं. पोरांना दुकान नकोय. रोज म्हणतात, बंद करा. गोष्टीच्या शेवटापर्यंत आलो की दुकानही बंदच करावं लागतं. मग तू कुठे जाशील? म्हणून अर्ध्यावर उठायचो.”

इब्राहीमला आपल्याच जिभेचा संताप आला. माफी मागावी, सगळं परत घ्यावं असं वाटलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा अबू सालेहनं त्याच्या हातून काहव्याची किटली घेतली आणि त्याचा पेला भरला. निघालेल्या पाहुण्याला भरून देतात तसा.