पाळण्यातला टोमॅटो

चहा घेताय ना? मग आधी कप खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना माझ्या जावेला असा ठसका लागला होता की तिची नवी साडी गेली ती गेलीच. नंतर मला बोल लावू नका.

तर मला तंद्री लागते. दूध तापायला ठेवलं की मी सायीकडं बघत बसते. कशी हळूहळू फुगते, वर येते, जणू तिला कुठंतरी जायचंय! आणि ती जातेच हो, ओट्यावरून थेट खाली. झेंडू तोडायला गेले की एखाद्या फुलाच्या पाकळ्यांतच मी हरवते आणि पाटी रिकामी राहते. सासूबाई म्हणतात, "सुरेखा, तू हितं दिसतीस, पर हितं नसतीस." आळशी नाही मी! फक्त अधूनमधून जरा लांब जाऊन येते, जागच्या जागी.

माझं सासर तळेगाव ढमढेरे आणि माहेर इनामगाव. माहेरी आमचे आबा, म्हणजे वडील, धाकटा भाऊ संदीप आणि त्याची बायको रिया. रिया दौंडची. लग्नानंतर बरीच वर्षं त्यांच्या घरात पाळणा हलला नाही. हळदीकुंकवाला गेली की बायका तिची ओटी भरताना एकमेकींकडं अशा बघायच्या की मलाच राग यायचा. ती बिचारी हसून दाखवायची.

आणि मग झाला मुलगा! बाळंतपण दौंडला माहेरी झालं, पण बारसं इनामगावला आमच्या अंगणात करायचं ठरलं.

आता बारशाला खरा मान कुणाचा? आत्याचा! पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानात 'कुर्र' करायचं, नाव सांगायचं, आणि तेवढ्यात मागच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्क्या घालायच्या. का घालतात? मला वाटतं, आत्यावरचे सगळ्यांचे जुने राग त्या दिवशी एकदम निघतात.

रियाच्या आईला माझ्या तंद्रीची कुणकुण होती. "नाव मावशीनं सांगितलं तर नाही का चालणार?" असं त्यांनी विचारून पाहिलं म्हणे. पण रिया ठाम राहिली. "कानात नाव ताईच सांगतील," म्हणाली.

बारशाच्या सकाळी तिचा मला फोन.

"ताई, नाव रियांश. कुणाला बोलू नका हां. रियाचा अंश, म्हणून रियांश." मग म्हणाली, "शाळेत, आधारवर, सातबाऱ्यावर, सगळीकडं त्याच्या नावापुढं बापाचंच नाव लागणार. लागू दे. पण पोराच्या नावात मी थोडी तरी असावी. बाकी काय मागणं नाही माझं."

मी लगेच शब्द दिला. म्हटलं, "रिया, जीव गेला तरी इसरायची न्हाई."

फोन ठेवते न ठेवते तोच आमचे हे दारात. पाय चिखलाचे, हातात खोरं.

"अगं, नर्सरीवाल्या बापूचा फोन लागंना. जाता जाता जीप थांबवून त्येला सांग, टमाट्याची रोपं 'अभिराज'ची टाक म्हणावं. दुसरी जात नको. ध्यानात ऱ्हाईल का? का लिहून दिऊ?"

"आवो, मी काय बारीक हाय का?"

बियाण्यांना असली राजबिंडी नावं कोण देतं, देव जाणे! आमच्या वावरात आजवर जेवढे राजपुत्र पिकले, तेवढे कुठल्या दरबारात जन्मले नसतील. आणि मग ते क्रेटमध्ये भरून बाजारात जातात.

बाळंतविडा मांडीवर घेऊन मी जीपमध्ये खिडकीशी बसले. दोन्ही बाजूंना ऊस, वर तुरे आलेले. वारा आला की सगळा ऊस एकदम मान हलवायचा. मी मनात दोन्ही नावं घोळवत होते. रियांश, अभिराज. अभिराज, रियांश. जीप खड्ड्यातून गेली की नावं इकडची तिकडं होत होती. मला त्या उसामागं एक इवलंसं गोरं पोर दुडुदुडु धावताना दिसायला लागलं. आम्ही दोघं बराच वेळ पळत होतो.

"ताई, नर्सरी आली," ड्रायव्हर म्हणाला.

बापू जीपपाशी आले. "बोला ताई, कोणचं टाकू?"

"रियांश," मी गोड हसून म्हटलं.

बापूंनी डोकं खाजवलं. "रियांश? नवीन हाय का?"

"आगदी नवीन! लई वाट बघाया लावली, तवा कुठं आलाय."

"कुठला म्हणायचा?"

"दौंडचा."

"आन् माल कसा हाय?"

"गोरापान! आन् आसा गुटगुटीत, की बघतच ऱ्हावं."

बापू भारावले. "मंग मी माझ्या वावरात पण थोडा लावून बघतो."

काय विनोदी माणूस आहे हा, असं म्हणत मी हसत हसत पुढं गेले. आता कळलं का तुम्हाला? तुम्हाला लगेच कळलं! मला मात्र त्या जीपमध्ये काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

इनामगावला पोचले तर अंगणात मांडव. पाळण्याला झेंडू-शेवंतीच्या माळा, घुगऱ्यांची पातेली, नव्या साड्यांची सळसळ, आणि संदीपनं हौसेनं आणलेला माइक. बायका पाळण्याभोवती, पुरुष मांडवात खुर्च्यांवर. पाळण्याची दोरी धरून रिया बसली होती. हिरवी साडी, डोळ्यांखाली जागरणं, आणि चेहऱ्यावर असं सुख की मला आधी तिचीच दृष्ट काढावीशी वाटली.

मी पाळण्यात वाकले. "कुर्र…" केलं.

आणि तिथंच घात झाला. त्याच्या टाळूचा वास आला हो! तेल, वेखंड, धुरीचा उबदार धूर, आणि त्याच्या खाली तो बाळाचा स्वतःचा वास. मी गेले.

आमच्या गावाशेजारी घोड नदीच्या काठावर हजारो वर्षांपूर्वीची घरं सापडलीत. लहानपणी आम्ही तिथं खापऱ्या वेचायचो. मला वाटलं, त्या घरातही एखादं बाळ असंच निजलं असेल. हीच नदी, हेच ऊन. कुणीतरी आत्या अशीच वाकली असेल. तिनं त्याच्या कानात काय नाव सांगितलं असेल? ते नाव आता कुठं असेल? मातीत? का अजून वाऱ्यावर फिरत असेल, कुणीतरी परत हाक मारील म्हणून? तेव्हाही बायका आत्याच्या पाठीत…

धप्प! धप्प! धप्प!

"आत्याबाई, नाव सांगा की!"

कुणीतरी माइक माझ्या तोंडाशी धरला. डोकं झाडून घेतलेल्या अंगणासारखं स्वच्छ. खोल कुठूनतरी एकच नाव वर आलं आणि मी ते छाती फुगवून सांगितलं.

"अभिराज!"

टाळ्या! "काय भारदस्त नाव हाय!" "राजाच जन्माला आला म्हणा!" मी खुशीत रियाकडं बघितलं. तिच्या हातातली दोरी थांबली होती. मला वाटलं, आनंदानं भरून आलंय तिला.

तेवढ्यात मांडवातून आबांचा आवाज आला. "अभिराज? आरं, ही तर टमाट्याची जात हाय!"

"चांगली हाय की आबा," शेजारचे आप्पा म्हणाले. "साल जाड. लांबच्या मार्केटला टिकतो."

"टिकतो, पर त्याला करपा लई येतो."

रियाची आई दचकली. "कुणाला येतो? काय येतो?"

"अभिराजला वो. येळेवर फवारणी न्हाई घेतली, तर सगळी पानं गळत्यात."

"अगं बाई! आत्ताच तर नाव ठेवलं, आन् एवढ्यात नजर लागली?" असं म्हणत त्या माउली मीठ-मोहऱ्या आणायला स्वयंपाकघरात पळाल्या.

मला आमच्या ह्यांचा सकाळचा निरोप आठवायला लागला होता. त्यात संदीपनं केकवरचं झाकण काढलं. वर निळ्या क्रीमनं मोठ्ठं लिहिलेलं, रियांश.

सगळ्या बायका वाकून वाचायला लागल्या.

"ह्ये कुणाचं नाव?" एकीनं विचारलं.

"बेकरीवाल्याचं आसंल," दुसरी म्हणाली.

रिया उठली, बाळाला उचललं आणि आत गेली. संदीप माझ्यापाशी आला. मग हळूच म्हणाला, "ताई, रियांश सांगायचं व्हतं की गं."

"मंग माइकवर परत सांगू या की," मी पुटपुटले.

"काय पोरखेळ हाय व्हय?" आबा कडाडले. "माइक कसला घिऊन बसलाय? आत्यानं कानात सांगितलं ते नाव. एकदा कानात गेलं ते गेलं. ते आता बदलायचं न्हाई."

आबांनी एकदा म्हटलं की आमच्या घरात पुढं कुणी बोलत नाही. मी आत गेले. रिया भिंतीकडं तोंड करून पलंगावर बसली होती, बाळ मांडीवर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई," ती मागं न बघता म्हणाली, "मी आईशी भांडून तुम्हाला सांगायला लावलं होतं."

मी माफी मागायला तिच्याशेजारी टेकले. आणि नेमका माझा फोन वाजला. बंद करायला गेले तर घाईत उचलला गेला, वर स्पीकरही सुरू झाला.

"ताई, बापू बोलतोय. त्या रियांशचं बियाणं कुठंच मिळंना की वो! दौंडच्या दुकानात पण इचारलं. ते म्हणत्यात, आसली जातच न्हाई. आन् ताई, तुम्ही गोरापान माल म्हणला व्हता. मला एकच सांगा, पिकल्यावर लाल तरी व्हतो का न्हाई?"

रियानं मान वळवली. फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता हुंदका. पण बाई हसत होती! पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी काढून हसत होती. मीही हसायला लागले, आणि हसता हसता रडायलाही लागले. तिकडं बापू आपले "हॅलो, हॅलो" करतायत.

जरा शांत झाल्यावर तिनं डोळे पुसले. "ताई, खरं सांगा. कानात पण अभिराजच सांगितलं?"

मी आठवायला लागले. खूप आठवलं.

"कानात… कानात नुसतं कुर्र केलं गं. मंग त्याच्या टाळूचा वास आला, आन् मी गेले."

"कुठं गेलात?"

"हितंच. नदीवर."

"म्हणजे कानात नाव सांगितलंच नाही?"

"न्हाई. अभिराज फकस्त माइकवर म्हणले."

रिया माझ्याकडं बघतच राहिली. "मग कान अजून रिकामाच आहे की!"

माझ्या तंद्रीचा असा फायदा कुणाला कधी झाला नव्हता हो! मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं आणि सगळ्यांसमोर आबांना विचारलं, "आबा, माइकवरचं खरं का कानातलं?"

"कानातलंच," आबा म्हणाले. "किती येळा सांगू?"

"मंग कानात अजून कायच गेलं न्हाई. मी इसरले."

आबांनी कपाळावर हात मारून घेतला. पण त्यांचाच नियम, काय बोलणार? "मंग सांग आता. आन् नीट सांग," एवढंच म्हणाले.

मी रियाला पाळण्यापाशी नेलं. "तू सांग."

"मी? आईनं सांगतात का कधी?"

"मान आत्याचा हाय ना? आत्याच म्हणतीय, आई सांगंल."

रियाची आई हातातल्या मीठ-मोहऱ्यांसकट दारात थांबली. रियानं बाळाला पाळण्यात ठेवलं आणि वाकली. काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही. तिचे ओठ हलले आणि तिच्या केसांतला गजरा बाळाच्या गालाला लागला. बाळानं झोपेत जांभई दिली. मांडवातून ऊन गळत होतं, माळा हळूच हलत होत्या, आणि मी त्या वेळी कुठंच गेले नव्हते. अगदी तिथं होते. हे सुख बघायला मिळालं म्हणून माझे डोळे भरून आले.

मग आठवलं, बुक्की राहिली! रियाच्या पाठीत पहिली बुक्की मी घातली, फुलासारखी. बाकीच्या बायकांनी मात्र मला काही फुलासारखी घातली नाही.

आता तुम्ही विचाराल, टोमॅटोचं काय झालं? खरं नाव कळल्यावर बापूंनी शेवटी अभिराजचीच रोपं दिली, पण ट्रेवर खडूनं लिहून दिलं 'रियांश, दौंड'. पीक असं आलं की आता तळेगावच्या बाजारात लोक त्याला रियांशच म्हणतात. आणि इनामगावात आमच्या भाच्याला आप्पा अजूनही अभिराज म्हणूनच हाक मारतात.

मला मात्र कुणी बारशाला मानानं बोलवत नाही. परवा चुलत बहिणीचा फोन आला. "ताई, नक्की या हां. नाव आमचं आम्ही सांगतो, तुम्ही नुसत्या बुक्क्या घाला."

बघा की! मी गेले होते एका पोराला नाव ठेवायला. आणि आता शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुके मिळून मला नावं ठेवतात.