लाईन जोडली, निरोप राहिला

आमच्या बोरी बुद्रुकला नेट गेलं की लोक माझ्या दारात येतात. "हवालदार, तुमी फौजेत सिग्नलमधी व्हता ना, बघा की राव!" अरे, मी काय कंपनीचा माणूस आहे? जेसीबीवाल्याने साईडपट्टी उकरताना केबल तोडलेली असते. दोन तास व्हिडिओ दिसला नाही तर काय मरतंय का कुणी, असं तोंडावर येतं. मग मी गप्प बसतो. कारण मरतं. मी बघितलंय.

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तर काश्मीरमध्ये होतं. एक्सचेंज खाली, चार पोस्ट वर. मध्ये ओएफसी, म्हणजे केसाएवढ्या काचेच्या तारांची केबल. रोज सकाळी सहाला मी प्रत्येक पोस्टला फोन लावायचो. "टेस्ट." "ओके." रजिस्टरमध्ये वेळ लिहायची, सही करायची. केबल तुटली की लाईन पार्टी निघायची. लाईन पार्टीचा कमांडर नाईक संपत, आपल्या बेल्ह्याचा. बाजाराचं गाव, त्यामुळे तोंडाचा पट्टा कायम चालू. मला म्हणायचा, "बोरीकर, तुमी फकस्त बटणं दाबा. बर्फ आमी तुडवतो."

संपतच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेले. या खेपेला सुनंदा वहिनी पाचव्या महिन्यापासून माहेरी, वारूळवाडीला होत्या. नारायणगावच्या दवाखान्यात नाव घातलं होतं. त्याची रजा मंजूर होती, पण बर्फाने रस्ता बंद झाला आणि तो अडकला.

फोनचं म्हणाल तर बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, तसा नियमच आहे. संपतने कागदपत्रं देऊन पोस्टपेड घेतलं होतं. त्या आठवड्यात वरून हुकूम आला आणि खोऱ्यातलं मोबाईल आणि नेट दोन्ही बंद झालं. हुकूम का आला ते आम्ही विचारत नाही. पण घरचा निरोप यायचा तर आता फौजेच्या लाईनवरूनच, म्हणजे माझ्या एक्सचेंजवरून. संपत दिवसातून चारदा डोकवायचा. "आला का काय?" मी म्हणायचो, "नाय रे बाबा, जा." दोन दिवस तो धड जेवला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला वरची पोस्ट बोलेना. मशीन लावून बघितलं तर केबल साडेचार किलोमीटरवर तुटलेली. सात वाजता संपत दोन जवान घेऊन निघाला. जाताना म्हणाला, "निरोप आला तर रेडिओ सेटवर सांग."

अकरा पाचला पुण्याच्या एक्सचेंजने फोन जोडून दिला. पलीकडे वहिनींचा भाऊ. "मुलगी झाली. सव्वादहाला. दोघी बऱ्या हायेत." मी खुर्चीवरून उठलोच. लंगरमध्ये जाऊन आचाऱ्याला म्हटलं, काही कर, जिलेबी कर. आपल्याकडे मुलगा झाला तर पेढा, मुलगी झाली तर जिलेबी. बापाला अशी बातमी कोरड्या तोंडी सांगत नाहीत. आचारी बिहारचा, जिलेबीत हात बसलेला. लगेच कढई चढवली त्याने.

बारा चाळीसला वरच्या पोस्टचा फोन वाजला. "टेस्ट." "ओके." लाईन जोडली गेली होती. लगेच रेडिओ सेटवर संपत आला.

"एक्सचेंज, काम फत्ते. निघतो. ओव्हर."

"शाबास. ओव्हर."

सेटवर घरगुती बोलायचं नाही, असा शिरस्ता. तरी तो बोलला. "बोरीकर, पेढा का जिलेबी? ओव्हर."

एक शब्द. एका शब्दासाठी कुणी माझ्यावर चार्ज लावला नसता. पण मला मस्करी सुचली. त्याचं तोंड बघायचं होतं मला, ताट पुढे करताना.

"ये तर खाली. लई घाई झाली काय? ओव्हर."

तो हसला. "बरं राव. आउट."

एक दहाला वरच्या पोस्टने कळवलं. ॲव्हलांच, म्हणजे बर्फाचा कडा कोसळला होता, लाईन पार्टीच्या वाटेवर. दोन्ही जवान साडेतीनला जिवंत निघाले. संपत संध्याकाळी पाचला निघाला.

मी त्याच्या शवपेटीबरोबर बेल्ह्याला आलो. दहाव्याच्या दिवशी वहिनींनी बाळ मांडीवर घेऊन एकच विचारलं. "भाऊजी, त्यांना कळलं व्हतं का?"

"कळलं होतं, वहिनी. लई खूष झाला."

हे खोटं मी नऊ वर्षं वागवलं. मुलगी चौथीत आहे. शाळेत भाषण करते, माझ्या बाबांना मी झाल्याचं कळलं होतं म्हणून. मी पुढच्या रांगेत बसतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

हे लिहायच्या आधी बेल्ह्याला गेलो आणि वहिनींना सगळं खरं सांगितलं, लिहिणार आहे तेही सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या. बराच वेळ फोडतच राहिल्या.

"आठ वर्षांत मला त्यांना येकच चांगली गोष्ट सांगायची व्हती," त्या म्हणाल्या. "ती तुमी ठिवून घेतली."

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"लिहा काय लिहायचं ते. पोरीला मी सांगन. तुमी आता या."

मी उठून आलो. त्यांचं काही चुकलं नाही.

नाईक संपत, गाव बेल्हे, तालुका जुन्नर, वय तेहतीस. बाप होऊन तो तीन तास जगला. त्याला ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.