आप्पांच्या उजव्या हाताला

वैशाखातल्या एका सोमवारी आप्पा वारले. शिरूरच्या मार्केट यार्डात त्या दिवशी कांद्याचा लिलाव उशिरा सुरू झाला.

आप्पा तो लिलाव पुकारायचे. मी तिथेच कारकून. तुम्ही लिलाव पाहिला असेल, तर ढिगाभोवतीचे ते कोंडाळे तुम्हाला ठाऊक असेल. चारी बाजूंनी बोली येते आणि मधल्या माणसाने ती कानाने टिपायची असते. "बोला शेठ, कांदा वाट बघतोय," असे म्हणून आप्पा सुरुवात करत.

त्यांचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. घरी लसणाचे कोमट तेल घालत. पुण्याच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिले. कानाचा पडदा आत ओढला जाऊन तिथे खळगा झाला होता, त्यात मेलेली कातडी साचून कानातली हाडे झिजत होती. ऑपरेशन करून ती कातडी काढायची आणि कानाच्याच कूर्चेचा तुकडा लावून पडद्याला आधार द्यायचा. थांबलात तर हे मेंदूकडे जाईल, असेही डॉक्टरांनी बजावले.

"फाटक्या गोणीला ठिगळ लावायचं हाय," आप्पा यार्डात सांगत. "एवढा उन्हाळी कांदा उरकू द्या, मंग जातो."

"आप्पा, डॉक्टर थांबू नका म्हणालेत ना?" मी एकदा म्हणालो.

"आरं, एक तरी बोली चुकली का माझी? सांग की!"

चुकली नव्हती. त्यांना डावीकडचे ऐकू येत नाही, हे व्यापाऱ्यांनी कधीच ओळखले होते. कुणी काही न बोलता सगळे त्यांच्या उजव्या हाताला उभे राहू लागले होते. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर बहिरा कसे म्हणायचे? एकदा एक नवा व्यापारी डावीकडे थांबला, तर हमालाने त्याला दंडाला धरून फिरवले.

"तिकडं ऊन लागतंय शेठ, हिकडं या."

वर शेडचे पत्रे होते. ऊन कुठेच नव्हते.

आप्पांना वाटले, कान अजून साथ देतोय. मग ताप आला, डोके ठणकू लागले, उलट्या झाल्या. पुण्याला नेईपर्यंत पू मेंदूत गेला होता. ऑपरेशन झाले. आप्पा शुद्धीवर आले नाहीत.

दहाव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. "चहा टाकू का?" काकूंनी एवढ्या मोठ्याने विचारले, की शेजारीण दारात आली. घरात आम्ही दोघेच होतो.

"सवय पडली बघा," काकू तेवढ्याच मोठ्याने म्हणाल्या आणि आत गेल्या.

लिलाव आता दुसरा माणूस पुकारतो. काकू अजून मोठ्याने बोलतात.