सासऱ्यांचा घाम

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, चारचौघांत घाम आलेला दिसणं कमीपणाचं वाटतं. तरीही उमरग्याच्या एका दवाखान्यानं घामावरून शरीराचा कारभार तपासायची टूम काढली, तेव्हा गावात पहिला मान आपला म्हणून तेच पट्ट्या घेऊन आले. पट्टी दंडावर चिकटवायची, म्हणजे अन्न कसं जळतं, मीठ-पाणी किती जातं, हे दवाखान्याला कळणार.

मामांनी पट्टी लावली आणि कूलरसमोर बैठक मारली. संध्याकाळी पट्टी कोरडी ठणठणीत. मग त्यांना घरातला नेहमीचा तोडगा सुचला. कष्टाचं काम निघालं की सालगड्याला हाक मारायची. दुसरी पट्टी त्याच्या दंडावर बसली आणि तो ऐन मे महिन्यात धसकटं वेचायला रानात गेला. आठवड्यापूर्वीच त्याला बांधावर भोवळ आली होती. पण ते आमच्याकडं कोण लक्षात ठेवतो?

पट्टी दवाखान्यात गेली आणि मामांच्या नावानं अहवाल मोबाईलवर आला. शरीराची फार झीज होत आहे, भरदुपारी विश्रांती घ्या, पोटभर सकस खा, नाहीतर उन्हात जिवावर बेतेल. मामा आधी दचकले, मग खुलले. या घरासाठी आपण झिजतो हे ते वर्षानुवर्षं सांगत होते. आता दवाखान्यानंच तसं लिहून दिलं होतं. त्यांनी पलंग धरला. लिंबू सरबत, साजूक तुपातला शिरा, उकडलेली अंडी असा रतीब सुरू झाला. लिंबं आणायला भर उन्हात सायकलवर कोण गेलं, हे सांगायला नको.

माझं डोकं फिरलं. ही विश्रांती गड्याला सांगितलीय, असं मी तोंडावर सुनावलं.

मामा शांतपणे म्हणाले, "रान माझं, राबतो त्यो. माल कुणाच्या घरात येतो?"

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी सरबताचा तांब्या उचलून गड्याला दिला, शिऱ्याची ताटलीही दिली आणि दुपारभर कडुलिंबाच्या सावलीतून हलायचं नाही, असं बजावलं. तो बिचकतच आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. मला बरं वाटलं.

तेवढ्यात मामा पलंगावरून उठून आले. दवाखान्यानं फेरतपासणी सांगितली होती. हातात नवी पट्टी होती.

"ऊठ की रं," ते त्याला हलवत म्हणाले, "तू असा निजलास तर माझी तब्येत कशी कळायची?"